जोडबॅटरी, पिकअप गाडीतील

जोडबॅटरी : इंजिन सुरू करणाऱ्या मूळ बॅटरीखेरीज गाडीत बसवलेली दुसरी बॅटरी. मुक्कामात फ्रिज, दिवे आणि पाण्याचा पंप तिच्यावर चालतात. ती पूर्ण उतरली तरी सकाळी सेल्फ लागतो, एवढ्यासाठीच ती असते. ऑस्ट्रेलियात पिकअपला ‘यूट’ म्हणतात. तिथल्या लांब, निर्मनुष्य पल्ल्यांमुळे ही जोडणी सर्रास दिसते. भारतात लडाख-स्पितीकडे जाणारे हौशी लोक पिकअप आणि जीपवर्गीय गाड्यांत ती करून घेतात.

विंचही (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे विजेचे यंत्र) याच बॅटरीवर टाकावी, असा मोह होतो. पण आकडे वेगळेच सांगतात. चाळीस-पन्नास लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज उन्हाळ्यात सरासरी १.५ ते २ अँपिअर घेतो, म्हणजे दिवसाला ३६ ते ४८ अँपिअर-तास. ९,५०० पौंडांची विंच पूर्ण ओढीवर ४०० अँपिअरच्या आसपास जाते, पण एका मिनिटात तिला सात अँपिअर-तासही लागत नाहीत. फ्रिज बॅटरी रिकामी करतो. विंच तिचा दम काढते. पहिल्या कामाला सावकाश आणि खोलवर उतरू शकणारी डीप-सायकल बॅटरी हवी, दुसऱ्याला क्षणात जोर देणारी. म्हणून विंच मूळ बॅटरीवर, इंजिन चालू ठेवून आणि ओढीच्या मध्ये विसावा देत वापरावी. १०० अँपिअरचा अल्टरनेटर (गॅरेजमध्ये अजून डायनॅमोच म्हणतात) पूर्ण ओढीच्या जेमतेम पाव भाग पुरवतो, बाकीचे बॅटरीतून जाते. जोडबॅटरीची मदत हवीच असेल तर दोन्ही बॅटऱ्या हाताने जोडणारा, ५०० अँपिअरच्या तोडीचा वेगळा सोलेनॉइड (विजेवर चालणारा दणकट स्विच) आणि तितकीच जाड केबल लागते.

बॅटरीची निवड : शिसे-आम्ल प्रकारात (एजीएम, म्हणजे काचतंतूंत आम्ल शोषलेली सीलबंद बॅटरी, धरून) निम्मीच क्षमता वापरायची असते, १०० अँपिअर-तासांतले ५० हाती येतात. लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये ८० ते ९० येतात आणि वजनही निम्म्याहून कमी, १२ किलोच्या घरात. पण आतले संरक्षक सर्किट बहुधा १०० अँपिअरला तोडते, त्यामुळे तिच्यावर विंच लावली तर गाडी चिखलातून अर्धी वर आली असताना सगळे एकदम बंद पडते. शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करू नये, लडाखच्या पहाटेला हे लक्षात ठेवावे. बॉनेटखालची उष्णताही तिला मानवत नाही. तिची जागा केबिनमध्ये किंवा मागच्या हौद्यात. घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर बॅटरी स्वस्तात मिळते म्हणून बसवू नये : खाचखळग्यांत आम्ल हिंदकळते, प्लेटा सैल होतात, शिवाय चार्ज होताना सुटणारा हायड्रोजन बंद हौद्यात साठतो.

दोन बॅटऱ्यांमधला दरवाजा : सर्वांत सोपा म्हणजे व्होल्टेज ओळखणारा रिले. मूळ बॅटरी साधारण १३.३ व्होल्टवर गेली की तो जोडतो आणि १२.८ ला तोडतो. जुन्या गाड्यांत तो उत्तम चालतो. बीएस-६ काळातल्या काही गाड्यांत मात्र अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी स्वतःच व्होल्टेज खाली आणतो. तिथे रिले सारखा जोड-तोड करत राहतो आणि जोडबॅटरी कधीच भरत नाही. अशा गाडीत, किंवा लिथियम बॅटरी असेल तर, २५ ते ४० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (येणारे व्होल्टेज बॅटरीला हवे तेवढे करून देणारा) लावावा. डायोडवाले विलगक आता घेऊ नयेत, ते ०.६ ते ०.७ व्होल्ट वाटेतच खातात.

केबल : निम्म्या तक्रारींचे मूळ इथे असते. २५ अँपिअरच्या चार्जरसाठी बॅटरीपासून हौद्यापर्यंत पाच मीटर, परतीसह दहा मीटर तांबे धरा. ६ चौ. मिमी वायरीत सुमारे ०.७ व्होल्ट हरवतात, १६ चौ. मिमीमध्ये पाव व्होल्टच. विंच मागे बसवली आणि चार मीटर लांब २५ चौ. मिमी केबल दिली, तर ४०० अँपिअरला जाऊन-येऊन सव्वादोन व्होल्ट जातात, ७० चौ. मिमीत ०.८. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबलही खपवली जाते, म्हणून टोक खरवडून पाहावे.

फ्यूज दोन्ही टोकांना हवा, कारण दोन्ही टोकांना बॅटरी आहे. तो टर्मिनलपासून वीतभर अंतरात बसवावा. १६ चौ. मिमी केबल आणि २५ अँपिअरचा चार्जर असेल तर ४० अँपिअर पुरतो. विंचच्या केबलवर फ्यूज सहसा नसतो, म्हणून जाड कट-ऑफ स्विच लावून तो एरवी बंद ठेवावा. नाहीतर समोरून धडक बसली की ती जिवंत केबलच चेपलेल्या पत्र्याला लागते.

जोडताना आधी मूळ बॅटरीची निगेटिव्ह सोडवावी. थिंबल (केबलच्या टोकाची धातूची कडी) हायड्रॉलिक क्रिंपरने दाबावे. हातोडीने ठोकलेले थिंबल पहिल्याच ओढीत तापते. पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट हवे. अर्थिंगसाठी चासीवरचा रंग खरवडून चकाकता धातू दिसू द्यावा, बोल्ट आवळून वरून ग्रीस लावावे. निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरी सेन्सर असेल तर नवी वायर चासीवर घ्यावी, थेट टर्मिनलवर नाही. नाहीतर गाडीच्या संगणकाला जोडबॅटरीचा हिशेबच लागत नाही. निगेटिव्ह परत लावल्यावर फ्यूज सगळ्यात शेवटी घालावेत.

तपासणी मल्टीमीटरने करावी. विसावलेली, भरलेली शिसे-आम्ल बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन सुरू करून रिलेचा ‘टक्’ ऐकू आला की जोडबॅटरीवर १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. एक प्रोब मूळ बॅटरीच्या प्लसवर, दुसरा जोडबॅटरीच्या प्लसवर ठेवून लोड द्यावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला, तर प्रत्येक जोडावर हात फिरवावा : गरम लागेल तोच जोड सैल.