सैनिकी सेवा-अभिलेखातील राहिलेली पदके आणि त्यांची दुरुस्ती (मराठवाडा)

युद्धात किंवा युद्धक्षेत्रात सेवा बजावूनही ज्या पदकाची नोंद सैनिकाच्या कागदपत्रांत झाली नाही, ती नोंद निवृत्तीनंतर करून घेणे आणि ते पदक मिळवणे, अशी ही प्रक्रिया आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव या आठ जिल्ह्यांत १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतून परतलेले जवान आज सत्तरी-ऐंशी ओलांडून गेले आहेत. त्यांच्यासाठी हा विषय तातडीचा आहे. साक्ष देऊ शकणारे सोबती एकेक करून कमी होत आहेत आणि कागदही जीर्ण झाले आहेत.

सेवा संपताना जवानाला डिस्चार्ज बुक मिळते. सेना क्रमांक, हुद्दा, भरतीच्या व सेवामुक्तीच्या तारखा, अंगावरच्या खुणा, वर्तणुकीचा शेरा आणि पदके हे सगळे या छोट्या पुस्तिकेत मोजक्या पानांवर असते. पदकांच्या रकान्यात जे लिहिले नाही ते मिळवण्यासाठी मूळ अभिलेखात, म्हणजे जवानांचे कागद सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसातल्या शीट रोलमध्ये (सेवेच्या मूळ नोंदपत्रात), बदल व्हावा लागतो. पुस्तिकेत हाताने घातलेली भर कोणी मान्य करत नाही. उलट खाडाखोड दिसली की उरलेल्या नोंदींवरही संशय येतो.

शौर्यपदक आणि मोहीमपदक

पदके दोन तऱ्हेची असतात आणि दुरुस्तीचे दोन्हींचे मार्ग अगदी वेगळे आहेत. अर्ज फेटाळले जाण्यामागे बऱ्याचदा हीच गल्लत असते, म्हणून ती आधी दूर करणे गरजेचे आहे.

परमवीरचक्र, महावीरचक्र आणि वीरचक्र २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली गेली. सेना मेडल १९६० चे. ही शौर्यपदके एखाद्या विशिष्ट कृतीसाठी, कमान अधिकाऱ्याच्या लेखी शिफारशीवरून, वरच्या पायऱ्यांवर छाननी होऊन राष्ट्रपतींच्या नावाने मिळतात. त्यांना मासिक भत्ता आहे. १ ऑगस्ट २०१७ पासूनच्या दराने परमवीरचक्राला २०,००० रुपये, महावीरचक्राला १०,०००, वीरचक्राला ७,००० आणि शौर्यासाठीच्या सेना मेडलला २,००० रुपये. शिफारसच झाली नसेल, तर ‘मला वीरचक्र मिळायला हवे होते’ हा दावा अभिलेख-दुरुस्तीत बसत नाही. कोणाचे शौर्य किती मोलाचे, हे ठरवायला न्यायालयेही सहसा तयार नसतात. पदक राजपत्रात जाहीर झाले आणि शीट रोलमध्ये किंवा पीपीओत (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) चढले नाही, तर मात्र ती साधी कारकुनी चूक ठरते आणि दुरुस्त होते.

मोहीमपदकाला शिफारस लागत नाही. ठरलेल्या काळात, ठरलेल्या क्षेत्रात जवान हजर होता एवढे सिद्ध झाले की ते त्याचा हक्क ठरते. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, कारगिलसाठी ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल, शिवाय सियाचीन ग्लेशियर मेडल, वेगवेगळ्या क्षेत्रांच्या पट्ट्यांसह मिळणारे सैन्य सेवा मेडल अशी ही यादी आहे. यांना भत्ता नाही. तरी १९७१ मध्ये आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या लढाईत असलेल्या पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या, म्हणजे जंगी पलटणीच्या, जवानासाठी पूर्वी स्टार म्हणजे तो तिथे होता याची सरकारी कबुली असते. भत्ता नाही म्हणून हे काम दुय्यम मानणे अन्यायाचे आहे. मराठवाड्यातली राहिलेल्या पदकांची प्रकरणे प्रामुख्याने याच प्रकारात बसतात आणि यातच यश येण्याची खरी शक्यता आहे.

नोंद का राहते

लष्करात जवानाच्या आयुष्यातला प्रत्येक बदल, मग ती बदली असो, बढती, लग्न, अपत्य, जखम किंवा पदक, युनिटच्या पार्ट टू ऑर्डरमधून रेकॉर्ड ऑफिसला कळतो. ऑर्डर निघाली नाही, तर रेकॉर्डच्या लेखी ती गोष्ट घडलीच नाही.

सर्वांत मोठा फटका बसतो तो दुसऱ्या युनिटला जोडून दिलेल्या जवानांना. सेना सेवा कोरचा चालक, वाहने-यंत्रे दुरुस्त करणाऱ्या ईएमई कोरचा कारागीर, वैद्यकीय कोरचा नर्सिंग असिस्टंट, सिग्नलचा ऑपरेटर हे लढाईच्या दिवसांत पायदळाच्या पलटणीबरोबर पुढे असतात, पण त्यांची हजेरी मूळ युनिटच्या कागदावर असते. पलटणीने पदकाची यादी करताना आपली माणसे धरली, मूळ युनिट मागे असल्यामुळे त्याने यादीच केली नाही आणि मधला माणूस दोन्हीकडून सुटला. जखमी होऊन इस्पितळात हललेल्यांचेही असेच होते. माणूस परत पलटणीत येण्याऐवजी वैद्यकीय कारणाने घरी जातो आणि यादी नंतर तयार होते.

तारखांचाही एक पेच आहे. १९७१ चे युद्ध ३ ते १६ डिसेंबर असे चालले, पण पूर्वी आणि पश्चिमी स्टार स्थापन झाले १९७३ मध्ये. मधल्या काळात सेवा संपवून गावी आलेल्या जवानाच्या डिस्चार्ज बुकात हे पदक असणे शक्यच नव्हते. त्याला कोणी पत्राने कळवले नाही, तर आपण पात्र आहोत हेही त्याला ठाऊक नसते. नातवंडांनी माहिती काढली तेव्हा कुठे हा रकाना उघडला, असे होते.

मराठवाड्यातल्या अडचणी

कागद ज्या कार्यालयात आहेत ती कार्यालये मराठवाड्याबाहेर आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातल्या सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे पुण्यात खडकीला, रणगाडा दलाचे अहिल्यानगरला, सिग्नलचे जबलपूरला, ईएमईचे सिकंदराबादला. लष्कराचे रेकॉर्ड कोर किंवा रेजिमेंटप्रमाणे ठेवलेले असतात, जिल्ह्याप्रमाणे नाही. त्यामुळे एकाच गावातल्या दोन फौजींना दोन वेगळ्या राज्यांत पत्रव्यवहार करावा लागतो.

नावाचा घोळ ही दुसरी अडचण, आणि ती फार चिवट आहे. जुन्या भरतीत जवानाचे नाव बऱ्याचदा स्वतःचे आणि वडिलांचे एवढेच लिहिले गेले, आडनाव गळाले. स्पेलिंग लिहून घेणाऱ्या कारकुनाच्या कानावर पडेल तसे. आधार कार्डावर मात्र आडनाव आहे आणि वडिलांच्या नावापुढे ‘राव’ लागले आहे. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे त्याआधी जन्मलेल्यांचे शाळेचे आणि महसुलाचे जुने दाखले उर्दूत असू शकतात. ते मराठीत आणि इंग्रजीत उतरवताना नावाचा आणखी एक अवतार तयार होतो. पदकाचा अर्ज करण्याआधी ही एकाच माणसाची नावे आहेत असे प्रतिज्ञापत्र करून ठेवावे. ते राहिले तर पदकाचा प्रश्न बाजूला पडतो आणि पत्रव्यवहार ओळखीवरच अडकतो. सेना क्रमांक मात्र शेवटच्या अक्षरासह अचूक असेल, तर नावातल्या फरकावर मात करता येते.

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत यात ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाची भर पडते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांच्या त्या धक्क्याने ५२ गावे उद्ध्वस्त झाली आणि जवळपास १०,००० माणसे गेली. दगड-मातीच्या घरांखाली संसार गेले, तिथे ट्रंकेतले डिस्चार्ज बुक आणि पदके कुठून वाचणार? अशा घरच्या माणसाने ‘मूळ कागद सादर करा’ या उत्तराने खचून जाऊ नये. मूळ शीट रोल रेकॉर्ड ऑफिसकडे असतो. घरात होती ती पुस्तिका, आणि तिची दुय्यम प्रत मागता येते.

अर्जाचा मार्ग

सुरुवात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून करणे सोयीचे. तिथले कल्याण संघटक बहुधा स्वतः माजी सैनिक असतात आणि रेकॉर्डची भाषा त्यांना कळते. अर्ज जातो संबंधित रेकॉर्ड ऑफिसच्या प्रमुख अधिकाऱ्याकडे. त्यात ‘माझी सर्व पदके द्या’ असे लिहिले तर उत्तरही तसेच मोघम येते. कोणते पदक, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या ठिकाणी, मूळ युनिट कोणते आणि जोडून दिलेले युनिट कोणते, एवढे एका पानात नेमके मांडावे.

त्याआधी स्वतःच्या शीट रोलची आणि पार्ट टू ऑर्डरची प्रत माहिती अधिकार कायदा, २००५ खाली मागवावी. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. स्वतःच्याच सेवेची माहिती मागितली असल्याने खासगीपणाचे कारण इथे लागू पडत नाही. शीट रोलमध्ये युनिटच्या तारखा असतात आणि पुष्कळदा पुरावा त्यांतच सापडतो. नोंद हजेरीची आहे, फक्त पदकाची नाही, असे दिसले की निम्मे काम झाले.

पेन्शन नसलेल्या जवानांचे कागद सेवा सुटल्यापासून २५ वर्षांनी नष्ट करण्याचा लष्करी नियम आहे. युद्धकाळातल्या तातडीच्या भरतीतून आलेल्यांवर किंवा थोडी सेवा करून परतलेल्यांवर ही वेळ येते. लाँग रोलमधली (सगळ्या जवानांच्या नोंदवहीतली) त्रोटक नोंद तेवढी बहुधा शिल्लक राहते. अशा वेळी बाहेरचा पुरावा जोडावा लागतो: इस्पितळाची चिठ्ठी, रजेचा दाखला, मूव्हमेंट ऑर्डर (प्रवासाचा लष्करी आदेश), त्याच युनिटमधल्या सोबत्यांची प्रतिज्ञापत्रे. घरी आलेली आंतर्देशीय पत्रेही जपून ठेवावीत. त्यांवर फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक आणि तारखेचा शिक्का असतो. त्या आठवड्यात ती तुकडी कुठे होती, हे त्यावरून युनिटच्या इतिहासाशी ताडून पाहता येते. असे पत्र एकटे पुरेसे नसते, पण प्रतिज्ञापत्राला त्याचा भक्कम आधार मिळतो.

युनिटच्या युद्धदैनंदिन्या हा आणखी एक आधार. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्धविषयक अभिलेख जतन करण्याचे आणि साधारणपणे २५ वर्षांनी खुले करण्याचे धोरण जाहीर केले. या कामासाठी मंत्रालयाचा इतिहास विभाग नेमलेला आहे. दैनंदिनीत साध्या शिपायाचे नाव सहसा नसते, पण जोडून आलेल्या तुकडीचा उल्लेख सापडू शकतो, आणि दोन युनिटांमध्ये हरवलेल्या माणसाला नेमके तेच हवे असते.

न्यायाधिकरण

रेकॉर्ड ऑफिसने नकार दिला, तर वरच्या अधिकाऱ्यांकडे दाद मागून मग सशस्त्र सेना न्यायाधिकरणात जाता येते. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले हे न्यायाधिकरण २००९ पासून सुरू आहे. महाराष्ट्रासाठीचे पीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. उशीर माफ होऊ शकतो, पण कारण पटवून द्यावे लागते. पेन्शनची चूक दर महिन्याला नव्याने घडते, म्हणून उशिरा आलेला दावाही ऐकावा आणि थकबाकी साधारण तीन वर्षांपुरती द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने तरसेम सिंग प्रकरणात (२००८) मांडले. भत्ता नसलेल्या मोहीमपदकाला हा आधार सरळ मिळत नाही. म्हणून लेखी नकार हाती आल्यावर तारीख मोजायला सुरुवात करावी. न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयाचा रिट अधिकार कायम असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

युद्धाच्या नोंदी दुरुस्त होऊ शकतात याचे ठळक उदाहरण ब्रिगेडियर देविंदर सिंग यांचे आहे. कारगिलमध्ये ७० व्या पायदळ ब्रिगेडचे नेतृत्व करणाऱ्या या अधिकाऱ्याच्या कामगिरीची नोंद चुकीची केली गेल्याचे न्यायाधिकरणाने २०१० मध्ये मान्य केले आणि ती दुरुस्त करण्यास सांगितले. ब्रिगेडियरला वकील, कागद आणि दिल्ली जवळ होती. भूम किंवा सेनगाव तालुक्यातल्या निवृत्त नाईकाला मुंबई गाठणेही जड जाते.

अमेरिकेतील मंडळे

अमेरिकेत यासाठी १९४६ च्या कायद्याने अभिलेख-दुरुस्ती मंडळे निर्माण झाली. मंडळाचे सदस्य नागरी असतात. माजी सैनिक ‘डीडी १४९’ हा अर्ज भरून सेवामुक्तीच्या ‘डीडी २१४’ या दाखल्यात राहिलेली पदके घालून घेऊ शकतो. मुदत चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची, पण न्यायाच्या हितासाठी मंडळ ती माफ करू शकते. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या. तेव्हापासून पर्यायी पुराव्यावरून नोंद पुन्हा उभी करण्याची तिथली पद्धत चांगलीच विकसित झाली आहे. भारतात असे नागरी मंडळ नाही. ज्या व्यवस्थेकडून नोंद राहिली, तिच्याकडेच पहिला अर्ज करावा लागतो, आणि ही उणीव भरून निघायला हवी.

मंजुरीनंतर

नोंद मंजूर झाली की नवी पार्ट टू ऑर्डर निघते. भत्त्याचे पदक असेल तर पीपीओची दुरुस्त प्रतही निघते. प्रत्यक्ष पदक कोलकात्याच्या टाकसाळीत तयार होते आणि हाती यायला बराच काळ जाऊ शकतो. दरम्यान छावणीच्या बाजारातून प्रतिकृती घेऊन लावण्याचा प्रघात आहे. मूळ पदकाच्या कडेवर सेना क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते, प्रतिकृतीची कड सहसा कोरी असते. पती हयात नसेल तर पत्नी किंवा जवळचा वारस अर्ज करू शकतो. त्यासोबत मृत्यूचा दाखला आणि पीपीओची प्रत जोडावी लागते. घरातले पदक पुरात वा भूकंपात हरवले असेल तर ती मागणी दुय्यम पदकाची ठरते. तिचा अर्ज वेगळा करावा.