लादीखालची हवा

ऑगस्टच्या मध्यावर आमच्या गॅरेजच्या जमिनीला फोड आले. गाडी उभी राहते तिथं नव्हे, कोपऱ्यात, सुतारकामाच्या बाकाखाली. काही सुपारीएवढे, काही पुरीसारखे टम्म. एक स्क्रूड्रायव्हरने फोडला तर आतून गढूळ पाणी आलं, बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागणारं. मार्चमध्ये हौसेने मारून घेतलेला करडा इपॉक्सी रंग पाच महिन्यांत सुटला होता.

गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या घरात ही जागा म्हणजे मूळचा मांगर, म्हणजे सामानसुमान ठेवायची खोपी. जांभ्या चिऱ्यांच्या भिंती, वर मंगळुरी कौलं आणि खाली वीसेक वर्षांपूर्वी घातलेला सिमेंटचा कोबा. एका बाजूला गाडी आणि स्कूटर. उरलेल्या जागेत रंधे, ड्रिल, ग्राइंडर आणि आईच्या मते निव्वळ भंगार. रंग खरवडून काढल्यावर एकमेकांत अडकणाऱ्या प्लॅस्टिकच्या लाद्या घालायचं ठरवलं. त्या बघत फिरताना एक गोष्ट लक्षात आली. दुकानात आपल्याला रंग दाखवतात, नक्षी दाखवतात, चकाकी दाखवतात. लादी उलटी करून कुणी दाखवत नाही. आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पिणाऱ्या या मुलखात निवड ठरते ती त्या उलट्या बाजूवरच.

आधी त्या फोडांबद्दल. काँक्रीट दिसतं दगडासारखं, पण असतं स्पंजासारखं. त्यात केसाहून बारीक नळ्यांचं जाळं असतं, आणि नळी जितकी बारीक तितकं पाणी त्यात उंच चढतं. व्यास दोन शतांश मिलिमीटर असेल तर पाणी दीड मीटरपर्यंत चढू शकतं. पावसाळ्यात आमच्याकडे भूजल विहिरीच्या काठाशी येऊन बसतं, तेव्हा चार इंचांचा कोबा ओलांडणं म्हणजे पाण्याला काहीच नाही. वर येताना ते सिमेंटमधले अल्कली क्षार विरघळवून आणतं. तो बुळबुळीतपणा त्यांचाच. उघड्या कोब्यावरून हे पाणी गुपचूप उडून जातं, मागे पांढरा लोणा उरतो. पण वर रंगाचा अभेद्य पापुद्रा असला की पाणी अडतं, क्षार साचतात, ते आणखी पाणी ओढतात, आणि पापुद्रा उचलला जातो. रंगाऱ्याची चूक नव्हती. जमीन न तपासता रंग मारायला सांगितला तो मी.

‘जमिनीला घाम आलाय’ असं आपण सहज म्हणतो. खरा घाम वेगळा. हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. जमीन त्याहून गार असली तरच हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते. जमिनीच्या पोटातलं तापमान वर्षाच्या सरासरीजवळ राहतं, आणि गोव्याची सरासरी आहे २७ अंशांच्या आगेमागे. म्हणजे इथली जमीन घाम येण्याइतकी गार क्वचितच असते. रात्रभर दार उघडं राहिलं आणि सकाळी दमट वारा आत आला तर होतं असं, पण आठवडाभर न हटणारी ओल बहुतेक वेळा खालून आलेली असते. तपासायला सोपं आहे. हातभर लांबरुंद जाड प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून जमिनीवर बसवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. कागदाच्या वर थेंब असतील तर पाणी हवेतलं. खाली असतील किंवा कोबा काळवंडला असेल तर जमिनीतलं. ही परीक्षा जुलैत करावी. एप्रिलमध्ये गोव्यातली प्रत्येक जमीन पास होते.

पाणी खालून येत असेल तर जमिनीला चिकटणारं काहीही नको. लादी नुसती ठेवलेली हवी आणि तिच्या पोटाखाली हवेला वाट हवी. चांगली कडक लादी उलटी केली की शेकडो छोटे पाय किंवा आडव्याउभ्या पट्ट्यांची जाळी दिसते. इथं नीट बघायचं. पट्ट्यांनी पूर्ण बंद चौकोन केले असतील तर प्रत्येक चौकोन ही एक बंद डबी झाली. पट्ट्यांमध्ये खाचा असतील किंवा नुसते सुटे पाय असतील तर हवा एका लादीखालून दुसरीखाली, तशीच पुढे भिंतीपर्यंत जाते. पावसाळ्यात ही हवा जमीन वाळवते असं मी म्हणणार नाही, कारण ती स्वतःच ओलीचिंब असते. पण वाफेला बाहेर पडायला रस्ता राहतो आणि फोड येण्याजोगं काही साचत नाही.

आता प्लॅस्टिक कुठलं? बाजारात मुख्यतः दोन. कडक, टकटक वाजणाऱ्या लाद्या पॉलिप्रॉपिलीनच्या. मऊ, जड, रबरासारख्या लवणाऱ्या पीव्हीसीच्या. तिसऱ्या त्या फोमच्या, मुलांच्या खोलीत घालतात तशा. त्या उभं राहून काम करायला पायांना सुखाच्या, पण गाडीखाली कायमच्या चेपतात, म्हणून त्यांचा विषय इथंच संपवू.

पॉलिप्रॉपिलीनची गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याच्या लांबलचक रेणूसाखळीवर ठरावीक अंतराने कार्बनचा एकेक फाटा असतो. हे फाटे कसेही, इकडेतिकडे असले तर साखळ्या एकमेकींशेजारी नीट बसत नाहीत आणि हाती येतो मऊ, चिकट गोळा. सगळे फाटे एकाच बाजूला असले की साखळ्या शिस्तीत रचल्या जातात, स्फटिक बनतात आणि तोच पदार्थ कडक होऊन १६० अंशांच्या पुढे वितळतो. अशी शिस्तीची साखळी इटलीत ज्युलिओ नाट्टा यांनी १९५४ मध्ये बनवून दाखवली, जर्मनीच्या कार्ल त्सीग्लर यांच्या उत्प्रेरकाचा आधार घेऊन. १९६३ चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघांना मिळालं. रासायनिक सूत्र तेच, फक्त फाट्यांची दिशा वेगळी, आणि गोंदाची झाली लादी.

पीव्हीसीचं उलटं. ते मुळात कडक असतं, घरातल्या पाइपासारखं. अमेरिकेत वॉल्डो सेमन यांनी १९२६ च्या सुमाराला त्यात उंच उत्कलनबिंदूचं, सहज न उडणारं तेलकट द्रव मिसळून ते रबरासारखं केलं. नेवऱ्यांच्या पिठात मोहन घातलं की धागे एकमेकांना घट्ट धरत नाहीत, तसंच काहीसं. या मोहनाला प्लॅस्टिसायझर म्हणतात. अडचण अशी की ते साखळीला बांधलेलं नसतं, नुसतं मध्ये जाऊन बसलेलं असतं. पेट्रोल सांडलं तर ते त्यातून ओढून घेतं आणि ती जागा कालांतराने कडक होते. शिवाय जे बाहेर जाऊ शकतं त्याच्या वाटेने दुसरं काही आतही येऊ शकतं. टायरच्या रबरात ओझोनपासून बचाव करणारी रसायनं असतात. मडगावहून तापून आलेला टायर मऊ पीव्हीसीवर रात्रभर उभा राहिला की ती हळूहळू लादीत उतरतात आणि तपकिरी डाग पडतो. हा डाग वर नसतो, आत असतो. कितीही घासा, लादीच झिजेल. म्हणून गाडीखाली पॉलिप्रॉपिलीन, किंवा पीव्हीसीच हवं असेल तर काळं.

दुकानात विचारलं तर ‘एकदम भारी प्लॅस्टिक’ एवढंच कळतं. कडेचा अडकवायचा आकडा तुटलेली एखादी लादी मागून घ्या आणि तो तुकडा बादलीत टाका. पॉलिप्रॉपिलीनची घनता पाण्याच्या ०.९ पट, ते तरंगतं, पीव्हीसी बुडतं. कडक लादी असून तुकडा बुडाला, तर स्वस्त पडावं म्हणून त्यात चुन्याच्या दगडाची भुकटी बरीच घातलेली असण्याची शक्यता मोठी. अशी लादी जड लागते, भरीव वाटते आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण भुकटी वाढली की तिचे आकडे वाकण्याऐवजी मोडतात. लादीच्या बाबतीत वजन म्हणजे दर्जा नव्हे.

हेच तरंगणं एकदा अंगाशी आलं. गेल्या जुलैत गटार तुंबून अंगणातलं पाणी गॅरेजमध्ये शिरलं, जेमतेम घोटाभर. आत गेलो तर बाकाकडची सगळी जमीन तराफ्यासारखी उचललेली आणि त्यावर खिळ्यांचे डबे संथ डुलत होते. गाडी आणि कपाट होतं तिथंच ती जागेवर होती. पाणी ओसरल्यावर लाद्या परत बसल्या, नुकसान काही नाही. पण अंगण उंच आणि गॅरेज सखल असेल तर दारात आधी उंबरा बांधावा, मग लाद्या घ्याव्यात.

भाराबद्दल बहुतेकांची समजूत उलटी असते. हजार किलोची गाडी लादी फोडेल याची भीती वाटते, पण टायर जमिनीला दाबतो तो साधारण त्यातल्या हवेच्या दाबाइतकाच. ३२ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. चाकावर अडीचशे किलो आले तरी ते पसरतात तळहाताएवढ्या जागेवर. स्कूटर डबल स्टँडवर लावा. वजन शंभर-सव्वाशे किलोच, पण त्यातलं बरंचसं नखाएवढ्या दोन लोखंडी पायांवर. दाब टायरच्या पाच-सहा पट सहज होतो. आणि गाडीखालचा ट्रॉली जॅक तर बारीक लोखंडी चाकांवर अर्धी गाडी तोलतो. लादी पोकळ असल्यामुळे तो भार दोन पायांच्या बरोबर मधे आला की वरचा पत्रा खचतो. शिवाय प्लॅस्टिकला एक जुनी खोड आहे: आज सहन होणारा भार महिनाभर तसाच ठेवला तर ते हळूहळू वाहतं, आकार सोडतं. माझ्याकडे स्कूटरच्या स्टँडखाली आणि जॅकखाली जाड प्लायवुडची फळी असते. दुकानातल्या पाटीवर छापलेला ‘इतके टन’ हा आकडा मी वाचत नाही; तो भार किती जागेवर पसरून मोजला ते तिथं लिहिलेलं नसतं.

भिंतीला टेकवून लादी बसवायची नाही, हे साखळी गावच्या एका मित्रामुळे शिकलो. त्याने जानेवारीत, भल्या सकाळी, गारठ्यात लाद्या घातल्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत, कडा अगदी सुरेख कापून. एप्रिलमध्ये मधोमध उंटाची पाठ. पॉलिप्रॉपिलीन दर मीटरला दर अंशामागे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून थोडं जास्तच वाढतं, काँक्रीटच्या जवळजवळ दहा पट. पाच मीटर लांबीवर ३० अंशांचा फरक पडला की दीड सेंटिमीटर झाले, आणि दारातून ऊन येणारी काळी लादी दुपारी ५० अंशांवर जाणं अवघड नाही. सांध्यांमधली ढिलाई थोडं पचवते, सगळं नाही. चारही बाजूंना बोटभर फट सोडायची. तीच फट हवेचीही खिडकी होते.

राहिला छिद्रांचा प्रश्न, आणि इथं मला अजून पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. जाळीची लादी पाणी लगेच खाली सोडते. भिजलेली गाडी आत आणणाऱ्याला तीच बरी. पण वॉशर, खिळे, स्प्रिंगा तीच गिळते. सुतारकाम करणाऱ्याचा भुसा तिच्यातून खाली जातो, ओलीत भिजतो, त्याला बुरशी येते, आणि मागोमाग वाळवी. त्याहून वाईट म्हणजे ग्राइंडरची ठिणगी. एरवी ती लादीवर काळा ठिपका पाडून विझते; छिद्रातून खाली कोरड्या भुशावर पडली तर नजरेआड तास न् तास धुमसू शकते. मी गाडीखाली जाळीची आणि बाकाखाली बंद पाठीची लादी घातली, आणि ग्राइंडिंगसाठी दाराशी दोन मीटर कोबा उघडाच ठेवला. तिथं प्लॅस्टिक नाही, भुसा नाही, फक्त वाळूची बादली. काळा-पांढरा बुद्धिबळाचा पट घालायचा मोह मात्र टाळा. त्यावर पडलेला स्क्रू शोधून दाखवणाऱ्याला मी चहा पाजीन.

आणखी एक, कोब्यात खळगे असतील तर आधी भरून घ्या. लादीखाली साचलेलं पाणी दिसत नाही, आणि डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात.

दिवाळीत घराची साफसफाई निघाली तेव्हा बाकाकडच्या दोन रांगा उचलल्या. आकडे सुटे करत पूर्ण पट्टा गुंडाळायला दहा मिनिटं लागली. खाली कोब्यावर नक्षी उमटली होती: लादीचे पाय टेकले होते तिथं काळसर ठिपके, मधल्या वाटा फिकट, जवळजवळ कोरड्या. फक्त कपाटाकडचा कोपरा सलग काळा होता, त्यावर पांढऱ्या बुरशीची साय. कपाट मी भिंतीला चिकटवून, नेमकं त्या बोटभर फटीवर ठेवलं होतं. ते वीतभर पुढे ओढलं आणि लाद्या परत घातल्या.