ट्रायसायक्लिक: नावातला घोळ

१९५०च्या दशकाच्या मध्याला स्वित्झर्लंडमधल्या एका मनोरुग्णालयात इमिप्रामिन हे ट्रायसायक्लिक गटातलं औषध देऊन पाहिलं, ते स्किझोफ्रेनियासाठी. तिथे ते चाललं नाही, पण खोल नैराश्यातले रुग्ण सावरले. १९५७ मध्ये हे छापून आलं आणि १९६१ मध्ये अमेरिकेत त्याच गटातल्या अमिट्रिप्टिलिनला परवानगी मिळाली. नॉरॲड्रेनालिन आणि सेरोटोनिन ही मेंदूतली निरोप पोहोचवणारी रसायनं चेतापेशींत परत ओढली जाणं ही औषधं रोखतात, हा उलगडा त्यामागोमाग झाला.

'ट्रायसायक्लिक' हे नाव मात्र पडलं रेणूच्या आकारावरून: तीन जोडलेली कडी. फिट्सवरचं कार्बामॅझेपीनही तीन कड्यांचंच, म्हणजे या नावावरून औषधाचं काम कळत नाही. आणि कामं तर बरीच. शरीरातली इतर निरोप्या रसायनंही ती अडवतात: हिस्टामिन अडतं म्हणून गुंगी येते, ॲसिटिलकोलीन अडतं म्हणून तोंडाला कोरड पडते, शौचाला खडा होतो, म्हाताऱ्यांची लघवी तुंबते. हृदयातल्या सोडियमच्या वाटा अडतात, म्हणून एकदम जास्त गोळ्या घेणं जिवावर बेततं.

'नैराश्याची गोळी' हे नावही आता पुरत नाही. रात्रीची १० मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिन आज नसांच्या दुखण्यासाठी, मायग्रेनसाठी सर्रास दिली जाते. घरात ती 'नसांची गोळी' होते आणि दुसऱ्या डॉक्टरांसमोर तिचा उल्लेखच राहून जातो. माझ्या मते खरा धोका इथे आहे.

सेरोटोनिनसारखी रसायनं मोडणारं मोनोअमाइन ऑक्सिडेझ हे विकर (एन्झाइम) रोखणाऱ्या नैराश्यावरच्या जुन्या औषधांबरोबर ट्रायसायक्लिक घेतल्यावर प्रचंड ताप, झटके आणि मृत्यूही झाले, म्हणून दोन्हींत १४ दिवसांचं अंतर ठेवायची पद्धत पडली. १९८७च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या नव्या औषधाला परवानगी मिळाली. ते यकृतातलं, औषधं मोडणारं सीवायपी २डी६ विकर थोपवतं, त्यामुळे ट्रायसायक्लिकची रक्तातली पातळी अनेक पटींनी वाढू शकते. फ्लुओक्सेटिन बंद केल्यावरही हा परिणाम काही आठवडे टिकतो. ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाबरोबर ट्रायसायक्लिक घेतल्यास फिट येण्याची भीती असते.

वादाचा मुद्दा लिनेझोलिडचा, आणि तो मुंबईसारख्या शहरात रोजचा. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीवर हे प्रतिजैविक महिनोन्‌महिने चालतं. त्याने तळपायांची आग होते, आणि त्या आगीवर हाताशी असलेली गोळी म्हणजे अमिट्रिप्टिलिन. पण लिनेझोलिड स्वतःच मोनोअमाइन ऑक्सिडेझ थोडंफार रोखतं. २०११ मध्ये अमेरिकेतून या जोडीबद्दल इशारा आला: सेरोटोनिन वाढून थरथर, घाम, ताप. पुढच्या पाहण्यांत असे रुग्ण थोडेच आढळले. त्यामुळे काही डॉक्टर जोडी टाळतात, तर काही कमी मात्रेत देऊन रुग्णावर लक्ष ठेवतात. दोन्हींसाठी रुग्ण आणखी काय घेतो, हे आधी कळावं लागतं.