आयसोलेटेड सायडिंग (मॉडेल रेल्वे)

मॉडेल रेल्वेच्या मांडणीत मुख्य मार्गापासून विजेच्या दृष्टीने तोडलेला आणि स्वतःच्या स्विचने चालू-बंद होणारा सायडिंगचा (गाडी उभी करण्याच्या बाजूच्या रुळाचा) तुकडा म्हणजे आयसोलेटेड सायडिंग. रूळ दिसायला सलगच असतात. फक्त एका किंवा दोन्ही रुळांत बारीक फट असते आणि स्विच बंद असेपर्यंत फटीपलीकडचे इंजिन जागचे हलत नाही.

साध्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) मांडणीत रुळांना कमाल १२ व्होल्टच्या आसपास वीज मिळते. एचओ (१:८७) आणि डबल-ओ (१:७६) मापांचे रूळ १६.५ मिमी गेजचे, एन मापाचे ९ मिमी गेजचे. विजेचे तत्त्व सगळीकडे एकच. उजवा रूळ धन असला की इंजिन पुढे जाते, ध्रुव उलटले की मागे. कंट्रोलरला इंजिन ओळखता येत नाही, तो रुळाला वीज देतो. त्यामुळे त्या रुळावर दोन इंजिने असली तर नॉब फिरवताच दोन्ही निघतात. एकाला थांबवून दुसऱ्याने शंटिंग करायचे तर पहिल्याखालची वीज तोडण्यावाचून गत्यंतर नाही.

फट कुठे आणि कशी

डीसीमध्ये एकच रूळ तोडला तरी पुरते. रूळ आधीच टाकलेला असेल तर तो कटिंग डिस्कने किंवा बारीक करवतीने कापतात; नव्याने टाकताना धातूच्या जोडपट्टीऐवजी प्लॅस्टिकची जोडपट्टी बसवतात. कापलेली फट मोकळी ठेवू नये, स्टायरीनचा (प्लॅस्टिकचा) तुकडा चिकटवून ती रुळाच्या आकारात तासून घ्यावी. निकेल-सिल्व्हरचा एक मीटर रूळ तापमान २० अंशांनी वाढले की साधारण ०.३ मिमी लांबतो, आणि कापाची रुंदी अनेकदा मिलिमीटरभरही नसते. त्यात आपल्याकडे पावसाळ्यात फुगलेले प्लायवूड उन्हाळ्यात आकसते. जुलैत कापलेली फट एप्रिलमध्ये गुपचूप मिटते आणि स्विच बंद असूनही इंजिन चालू लागते, ते यामुळे.

तुकड्याची लांबी सर्वांत लांब इंजिनापेक्षा थोडी जास्त ठेवतात. ‘इंजिनाची लांबी’ मोजताना मात्र वीज उचलणारी चाके कुठली, हे पाहावे लागते. अनेक जुन्या वाफेच्या मॉडेलांत, विशेषतः पितळी अमेरिकन मॉडेलांत, इंजिन एका रुळावरून वीज घेते आणि टेंडर (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) दुसऱ्या. टेंडर ज्या रुळावरून वीज घेते तोच रूळ कापला असेल आणि टेंडर फटीबाहेर राहिले, तर इंजिन पूर्ण आत असूनही ते जिवंतच राहते. अशा वेळी दोष स्विचला दिला जातो.

काही सांधे (मार्ग बदलणारे रूळ) वीज तोडण्याचे काम आपणच करतात. पेको कंपनीच्या इन्सुलफ्रॉग सांध्यात पाते (सरकणारा रूळ) ज्या बाजूला टेकलेले असेल त्याच मार्गाला वीज मिळते, त्यामुळे सांधा मुख्य मार्गाकडे वळवला की सायडिंग आपोआप बंद होते. सोय चांगली आहे, पण वीज पात्याच्या टोकाच्या स्पर्शावर अवलंबून राहते आणि तिथे काजळी धरते. चार-पाच सायडिंगच्या लोको शेडसाठी वेगळे टॉगल स्विचच बरे.

डेड एंडला बफरजवळ, म्हणजे रूळ संपतो तिथल्या अडथळ्याजवळ, डायोडची (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाची) जुनी युक्ती अजूनही वापरतात. शेवटच्या तुकड्याच्या फटीवर स्विचऐवजी एक अँपिअरचा साधा डायोड, उदाहरणार्थ १एन४००१, जोडतात. बफरकडे येणाऱ्या इंजिनाला त्या ध्रुवतेत वीज मिळत नाही, ते थांबते. ध्रुव उलटताच डायोडमधून वीज जाते आणि इंजिन मागे निघते. ०.७ व्होल्टची घट होते, ती जाणवत नाही.

वीज देण्याचा क्रम

या व्होल्टेजला माणसाला धक्का बसण्याचा धोका नगण्य असतो. इजा होते ती मॉडेलला, आणि तीही बहुधा चुकीच्या क्रमामुळे. नॉब आठ व्होल्टवर असताना सायडिंगचा स्विच टाकला तर उभे इंजिन एकदम झेप घेते. दिशा चुकीची असेल तर सरळ बफरवर जाते, गिअरला झटका बसतो, मागचे डबे घसरतात. म्हणून आधी नॉब शून्यावर आणून दिशा तपासावी, सांधा लावावा, इतर सायडिंगचे स्विच बंद आहेत ना ते पाहावे, मग हव्या त्या तुकड्याचा स्विच टाकून नॉब हळूहळू वाढवावा. बफरजवळच्या तुकड्याला टॉगलऐवजी दाबून धरायचे बटण लावले तर विसरण्याचा प्रश्नच उरत नाही: बोट उचलले की वीज गेली.

दोन कंट्रोलर असतील तर फट हीच धोक्याची जागा होते. कॉमन रिटर्न जोडणीत (दोन्ही कंट्रोलरांची परतीची वायर एकच असते) एका बाजूला अधिक १२ आणि दुसऱ्या बाजूला उणे १२ असेल तर फटीच्या दोन टोकांत २४ व्होल्टचा फरक पडतो. पुढच्या-मागच्या बोगीतून वीज उचलणारे इंजिन ती फट ओलांडताना आपल्याच बारीक वायरींतून दोन्ही कंट्रोलर एकमेकांना जोडते. याच जोडणीत दोन्ही कंट्रोलरांना ट्रान्सफॉर्मरचे स्वतंत्र वाइंडिंग लागते, हेही अनेकदा राहून जाते.

डीसीसी मांडणीत

जर्मनीतील लेन्झ कंपनीच्या पद्धतीवर आधारलेली डीसीसीची (डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजे इंजिनांना रुळांवरून आज्ञा देण्याच्या पद्धतीची) प्रमाणके अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकात ठरवली. इथे रुळांवर सतत, सहसा १४ ते १६ व्होल्टच्या आसपास, चौकोनी लहरीचा संकेत असतो आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर आपल्या पत्त्याची आज्ञा तेवढी पाळतो. इंजिन थांबवण्यासाठी वीज तोडण्याची गरज संपली, म्हणून ‘आता आयसोलेटेड सायडिंग कशाला’ असे सर्रास म्हटले जाते. ते बरोबर नाही. स्विच तोच राहतो, त्याचे काम बदलते.

पहिले कारण विजेच्या सुरुवातीच्या झोताचे. आवाजाच्या डिकोडरांत आणि वीज क्षणभर तुटली तरी इंजिन चालते ठेवणाऱ्या जोडण्यांत कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) असतात. वीज देताच ते सगळे एकदम भरू लागतात आणि बूस्टरला (रुळांना वीज पुरवणाऱ्या यंत्राला) ते शॉर्टसर्किटसारखे दिसते. तो वीज तोडतो, काही क्षणांनी पुन्हा देतो, पुन्हा तोडतो. शेडमध्ये दहा आवाजाची इंजिने असली की मांडणी सुरूच होत नाही. उपाय सोपा: सर्व सायडिंग बंद ठेवून मुख्य मार्ग चालू करायचा, मग एकेक स्विच टाकायचा. चांगल्या जोडण्यांत कपॅसिटरआधी शंभरेक ओहमचा रेझिस्टर असतो, त्याने झोत आवरतो.

दुसरे कारण पत्त्यांचे. नव्या डिकोडरचा पत्ता सहसा ३ असतो आणि तो सर्व्हिस मोडमध्ये (डिकोडरची सेटिंग बदलण्याच्या पद्धतीत) बदलताना आज्ञा रुळावरच्या सर्वच डिकोडरांना लागू होते. एनसीई कंपनीच्या पॉवर कॅबसारख्या एकच आउटपुट असलेल्या संचात बाकीची इंजिने बंद सायडिंगवर नसली तर सगळ्यांचा पत्ता एकच होऊन बसतो. स्वतंत्र प्रोग्रॅमिंग ट्रॅक असेल तर त्याचे दोन्ही रूळ तोडावेत. फटीवर उभे राहिलेले इंजिन दोन आउटपुट एकत्र जोडू शकते.

डिकोडर नसलेले इंजिन डीसीसी रुळावर उभे ठेवू नये. त्याच्या मोटारीला उलटसुलट वीज मिळत राहते, ती गुणगुणते आणि तापते. कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेली) मोटार तर लवकर जळते. अशा इंजिनाची जागा बंद सायडिंगवरच. डायोडची युक्तीही इथे उलटते: लहरीची एकच बाजू पोचल्याने काही डिकोडर तिला डीसी समजतात आणि इंजिन सुसाट सुटते. डिकोडरच्या सीव्ही २९ या सेटिंगमधील डीसीवर चालण्याची परवानगी काढून टाकली की हे टळते.

शॉर्टसर्किट झाल्यावर वीज तुटते ना, हे तपासायला प्रत्येक सायडिंग चालू करून रुळांवर नाणे आडवे ठेवावे. बूस्टरने लगेच वीज तोडली पाहिजे. तोडली नाही तर वायर बारीक आहे किंवा जोड सैल. ५ अँपिअरचा बूस्टर १५ व्होल्टला ७५ वॉट देतो, तेवढ्यात बोगीचे प्लॅस्टिक वितळते.

खरा जीवघेणा भाग रुळांवर नसून भिंतीतल्या सॉकेटपाशी असतो. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या संचाचा ॲडॉप्टर फक्त १२० व्होल्टचा असेल तर तो आपल्या २३० व्होल्टवर जळतो. ॲडॉप्टरवर ‘१००-२४०’ छापलेले आहे का ते आधी वाचावे.

मार्क्लिनच्या तीन-वाहक एसी पद्धतीत दोन्ही रूळ एकाच जोडणीचे असल्याने मधला वाहक तोडतात. तिथे दिशा ध्रुवांनी ठरत नाही, साधारण २४ व्होल्टच्या क्षणिक झटक्याने इंजिनातला रिले (विजेवर चालणारा स्विच) पलटतो. बंद सायडिंगवरच्या इंजिनाला तो झटका पोचत नाही, म्हणून वीज परत दिल्यावर ते आपल्या जुन्याच दिशेने निघते.