धरणगाव की वरणगाव? छपाईला देण्याआधी एवढं वाचा

नमस्कार. लग्नपत्रिका, हँडबिल, क्लासच्या नोट्स, काहीही छापायचं असो, बरेच ग्राहक झेरॉक्सची झेरॉक्स किंवा मोबाइलवरचा फोटो घेऊन येतात. "वाचता येतंय ना, मग चालवा," म्हणतात. वाचता येतं खरं, पण त्यातलं निम्मं वाचलेलं नसतं, मेंदूनं ओळखून घेतलेलं असतं.

डोळा ओळीवरून सरळ चालत नाही. तो उड्या मारतो आणि एकेका ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबतो. डाव्या बाजूला, मेंदूच्या मागच्या भागात छापील शब्द ओळखण्याची जागा आहे. तिथे शब्द पटला की अर्थ लागतो. अर्थ लागायला जाणारा हा वेळ डोक्याला इलेक्ट्रोड लावून मोजता येतो. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड या संशोधकांनी १९८० साली नोंदवलेली, अर्थाशी निगडित अशी एक विद्युतलहर शब्द दिसल्यावर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी टोकाला जाते. शब्द खराब करून दाखवला की तीच लहर उशिरा येते.

आपल्या लिपीत तर केसाएवढ्या फरकावर सगळं उभं आहे. घ-ध, भ-म, थ-य यांत मुख्य फरक शिरोरेषेतल्या फटीचा. ती टोनरनं भरली की संपलं! 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' अर्धं पुसलं तरी वाचलं जातं, कारण ते शेकडो पत्रिकांत पाहिलेलं असतं. 'घरणगाव' छापलं तरी लोक धरणगावच वाचतील. पण ध चा वरचा वळसा उडाला तर 'वरणगाव' होतं, आणि तेही आपल्याच जळगाव जिल्ह्यातलं गाव. मेंदूला संशयच येत नाही. जळगावहून एक पश्चिमेला, दुसरं पूर्वेला. वऱ्हाड कुठं जाणार? एका प्रूफात हे आमच्याच नजरेतून निसटलं होतं. नवरीच्या आजीनं कागद डोळ्यांशी नेऊन विचारलं, "हाई काय लिखेल शे रे भाऊ?" तेव्हा कळलं.

म्हणून जे अंदाजानं कळत नाही ते मोठं छापा: गाव, तारीख, मोबाइल नंबर. १ आणि ९ मध्ये फार गल्लत होते. कपाशीच्या फवारणीचं हँडबिल असेल तर '१.५ मिली'शेजारी 'दीड मिली' असं अक्षरांतही लिहा, टिंब उडालं तर पंधरा होतात. लाल कागदावर सोनेरी अक्षरांची हौस वरच्या पानावर करा, आतला मजकूर पांढऱ्यावर काळाच बरा. वयस्कर माणसं वाचणार असतील तर १४ पॉइंटच्या खाली जाऊ नका.

मजकूर शक्यतो मूळ फाइलमध्ये द्या. व्हॉट्सअॅपवर पाठवायचा तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

प्रूफ घरी न्या, संध्याकाळी दिव्याखाली घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्या. सही होऊन परत आल्याशिवाय आम्ही मशीन लावत नाही.