बंबाच्या नाकावरचा गोळा

अमेरिकेत जुन्या अग्निशमन गाड्यांचे मेळावे भरतात. तिथे आरेन्स-फॉक्स कंपनीची गाडी ओळखायला पाटी वाचावी लागत नाही. इंजिनाच्याही पुढे, अगदी नाकावर पंप असतो आणि त्या पंपावर चकाकणारा धातूचा भलामोठा गोळा. बघणारे बहुतेक जण त्याला शोभेची वस्तू समजतात आणि फोटो काढून पुढे जातात. पण जुना बंब जपायचा म्हणजे नेमकं काय जपायचं, हे समजून घ्यायचं असेल तर या गोळ्यापासूनच सुरुवात करावी.

ही गाडी ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहराची. १८५३ मध्ये या शहराने पगारी अग्निशमन दल उभं केलं आणि वाफेवर चालणारा बंब वापरात आणला. तो बांधणाऱ्या अलेक्झांडर लट्टा यांचा व्यवसाय पुढे हस्तांतरित होत आरेन्स यांच्याकडे आला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यातून आरेन्स-फॉक्स कंपनी निघाली. वाफ जाऊन पेट्रोल इंजिन आलं, तरी वाफेच्या बंबातला दट्ट्याचा, म्हणजे पिस्टनचा, पंप या कंपनीने सोडला नाही. बाकीचे कारखाने फिरत्या पात्यांच्या, म्हणजे सेंट्रिफ्यूगल पंपाकडे वळत होते तेव्हाही यांचे दट्टे चालूच होते.

या हट्टामागे भौतिकशास्त्र होतं. नदीतून किंवा विहिरीतून पाणी वर येतं, ते खरं तर पंप ओढत नाही. पंप नळीतली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब पाण्याचा फार तर १०.३ मीटरचा स्तंभ पेलतो. प्रत्यक्षात सात-साडेसात मीटर मिळाले तरी पंप उत्तम म्हणायचा. सेंट्रिफ्यूगल पंपाला ही हवा स्वतःहून काढता येत नाही. हवा पाण्यापेक्षा सुमारे ८०० पट हलकी असल्याने पाती नुसती गरगरत राहतात, म्हणून त्याला आधी पाणी भरून देणारी वेगळी यंत्रणा लागते. दट्ट्या मात्र हवा आणि पाणी दोन्ही सारख्याच निष्ठेने बाहेर ढकलतो. नळी पाण्यात टाकली, दट्टे सुरू केले की पाणी आलंच.

त्याची अडचण वेगळी. दट्ट्याच्या प्रत्येक फेऱ्यात पाण्याचा एक हिसका बसतो. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे तो हिसका थेट नळीत, आणि नळी धरणाऱ्या माणसाच्या खांद्यात जातो. इथे तो गोळा कामाला येतो. तो पोकळ असतो आणि त्यात हवा असते. हिसका आला की हवा दबते, हिसका ओसरला की फुगते आणि साठवलेलं पाणी पुढे देते. धार अखंड राहते. नळीतला एकूण दाब वातावरणाच्या नऊ पट असेल, तर बॉइलच्या नियमानुसार गोळ्यातली हवा मूळ आकारमानाच्या नवव्या हिश्शात जाऊन बसते. एवढ्या थोड्या हवेने काम भागवायचं म्हणून गोळा मोठा लागतो. शिवाय दाबाखालची हवा हळूहळू पाण्यात विरघळते. गोळा पाण्याने भरत गेला की उशी संपते आणि पंप ठोके देऊ लागतो. त्यामुळे अधूनमधून पाणी काढून त्यात ताजी हवा घ्यावी लागते.

हे सगळं कळल्यावर गोळ्याकडे नुसतं चकाकीसाठी बघवत नाही. आणि पुनरुज्जीवन करणाऱ्यांचा खरा वादही इथेच सुरू होतो: गाडी दिसायला नवी करायची, की पाणी मारणारी करायची?

बंब इतक्या संख्येने टिकले याचं कारण साधं आहे. त्यांचा संसार छताखाली झाला, रोज कुणीतरी त्यांना पुसलं, आणि ते फार धावलेच नाहीत. तीस वर्षं सेवा केलेल्या गाडीच्याही मीटरवर किलोमीटर थोडेच असतात. पण मीटरवर विश्वास ठेवू नये. बंबाचं इंजिन दमतं ते उभ्या जागी. आगीपाशी गाडी थांबते आणि इंजिन तासन्‌तास पूर्ण जोरावर पंप फिरवतं. समोरून वारा नाही, रेडिएटर एकटा पुरत नाही. म्हणून बऱ्याच गाड्यांत पंपातल्याच पाण्याचा थोडा प्रवाह इंजिन थंड करायला वळवलेला असतो. ही बारीक नळी कचऱ्याने बुजलेली असली, तर रस्त्यावर झकास चालणारी गाडी पंप सुरू केल्यावर काही मिनिटांत तापते.

पंप उघडला की धातूंचं रसायनशास्त्र समोर येतं. ओतीव लोखंड आणि कांसं एकमेकांना लागून वर्षानुवर्षं ओले राहिले, तर त्यांची एक छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात लोखंड झिजतं. पितळेचा आजार अधिक फसवा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पाणी त्यातलं जस्त हळूहळू नेतं आणि मागे सच्छिद्र, गुलाबीसर तांबं उरतं. आकार तोच, पॉलिशही बसतं, पण ताकद गेलेली असते. असा भाग दाबाखाली अचानक फुटतो. त्यामुळे दुरुस्तीनंतर पंपाची चाचणी हवेने कधीच करत नाहीत, पाणी भरून करतात. दाबलेल्या हवेत प्रचंड ऊर्जा साठते आणि भाग फुटला तर तुकडे गोळीसारखे उडतात; दाबलेल्या पाण्यात ती फारच थोडी असते, चीर पडताच दाब उतरतो.

गंज काढायला विजेचा उपाय हौशी लोकांत प्रिय आहे. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात गंजलेला भाग ऋण टोकाला आणि साध्या पोलादाचा पत्रा धन टोकाला जोडायचा आणि बॅटरीच्या चार्जरने वीज सोडायची. गंज सुटतो आणि चांगलं लोखंड जवळपास शाबूत राहतं. दोन गोष्टी मात्र जिवावर बेतू शकतात. यात हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावरच करावं. आणि पत्रा स्टेनलेस स्टीलचा कधीही वापरू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.

रंगाच्या बाबतीत मी जरा हट्टी आहे. जुना रंग सरसकट खरवडून काढणं मला पटत नाही. एका कोपऱ्यात बारीक ओल्या घासकागदाने (सँडपेपरने) हळूहळू घासत गेलं, की रंगांचे थर झाडाच्या वर्तुळांसारखे उलगडतात आणि गाडी मूळची कोणत्या लाल रंगाची होती, मध्ये कधी वेगळ्या रंगाची झाली का, ते दिसतं. ओला कागद एवढ्याचसाठी, की या थरांत शिसं असतं आणि कोरडी धूळ फुप्फुसात जाते. कडेच्या वेलबुट्ट्या सोन्याच्या वर्खाच्या असतात. वर्ख मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ. सोनं काळं पडत नाही, पण उत्साही हातांच्या पॉलिशने ते पुसलं जातं.

तसंच क्रोमचं. क्रोमचा मुलामा बाजारात रुळला तो १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधीच्या गाड्यांवर निकेल असे, किंचित पिवळसर, ऊबदार छटेचं. १९१५ च्या बंबावर निळसर लखलखणारं क्रोम चढवलं, की गाडी सुंदर दिसते आणि खोटं बोलते.

चालू ठेवायची म्हटली की आजचं पेट्रोलही आडवं येतं. त्यातलं इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या, वॉशर फुगवून खराब करतं. भारतात तर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यामुळे इंधनमार्गातलं रबर बदलणं हा हौसेचा प्रश्न उरत नाही.

आपल्याकडेही एक नामांकित गाडी आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात १९१४ चा जॉन मॉरिस बंब आहे. मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमध्ये बांधलेला आणि निजामाच्या रेल्वेच्या सेवेत राहिलेला, त्याच रेल्वेच्या, जिचे रूळ मनमाडहून औरंगाबाद, परभणी करत मराठवाड्यातून जात. हा बंब जुन्या मोटारींच्या रॅलींत स्वतःच्या इंजिनावर उतरलेला आहे, आणि मला त्याचं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. काचेआड उभ्या यंत्राला वंगण लागत नाही, त्यामुळे ते कुणी देतही नाही.

अमेरिकेत १९५८ मध्ये स्थापन झालेली जुन्या मोटार-बंबांच्या जतनाची संस्था म्हणूनच मेळाव्यात गाड्यांना पाणी मारायला लावते. जुन्या अमेरिकी मापानुसार पंपाने चौरस इंचाला १२० पौंड दाबावर पूर्ण प्रवाह द्यायचा, २०० वर निम्मा, २५० वर एक तृतीयांश. आरेन्स-फॉक्सचे अनेक पंप मिनिटाला १,००० गॅलनचे, म्हणजे सुमारे ३,८०० लिटरचे. शतकाच्या आसपास वय असलेल्या गाडीकडून कुणी तेवढा मागत नाही. निम्म्या जोरावर अखंड धार आली तरी पंप, झडपा आणि गोळ्यातली हवा ठीक आहे हे कळतं. मग प्रत्येक तोटी उघडून पंप पूर्ण रिकामा करतात, कारण थंड प्रदेशात आत राहिलेलं पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि ओतीव लोखंड तडकतं. तसा ओतीव भाग आज कुठल्याही दुकानात मिळत नाही. जुन्या भागावरून साचा करून नव्याने ओतावा लागतो.