फिर्याद की दावा? समाजमाध्यमांवरील बदनामीनंतरचे दोन वेगळे मार्ग

एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री साडेदहाला एक संदेश येतो, असे समजा: ‘दुरुस्ती निधीतले चार लाख कुठे गेले, ते खजिनदारांच्या नव्या गाडीला विचारा.’ खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते, कोणीतरी तो संदेश फेसबुकवर टाकतो आणि दुसऱ्या दिवशी खजिनदार पोलीस ठाण्यात जातात. तासाभराने ते एक कागद घेऊन बाहेर पडतात. कागदावर नोंदीचा क्रमांक असतो, कलम असते आणि खाली ठरावीक वाक्य असते: ‘सक्षम न्यायालयात दाद मागण्याची समज दिली.’ खजिनदार घरी सांगतात की केस झाली. प्रत्यक्षात अजून काहीच झालेले नसते.

हा घोटाळा होण्याचे कारण भाषेतच आहे. ‘अब्रुनुकसानीची केस’ असे आपण सरसकट म्हणतो; पण या एकाच नावाखाली दोन स्वतंत्र कार्यवाही आहेत. एक फौजदारी फिर्याद, जी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दंडाधिकाऱ्यांपुढे चालते आणि जिच्यात आरोपीला शिक्षा व्हावी एवढीच मागणी असते. दुसरा दिवाणी दावा, ज्यात वादी नुकसानभरपाई मागतो आणि मजकूर काढून टाकण्याचा व पुन्हा न लिहिण्याचा मनाई हुकूम मागतो. पहिल्यात भांडण कायद्याने गुन्हा ठरवलेल्या कृत्याशी असते. दुसऱ्यात झालेल्या नुकसानीचा हिशेब असतो. आपल्याला नेमके काय हवे आहे, हे ठरवण्याआधीच बहुतेक लोक पहिल्या मार्गाला लागतात, आणि त्यातही चुकीच्या दारातून.

चुकीचे दार म्हणजे पोलीस ठाणे. बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. पोलीस त्याची नोंद घेतात, जिला बोलीत ‘एनसी’ म्हणतात, परंतु दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत आणि वॉरंटशिवाय अटकही करू शकत नाहीत. शिवाय या गुन्ह्याची दखल न्यायालय केवळ बाधित व्यक्तीने स्वतः दाखल केलेल्या फिर्यादीवरूनच घेते. पोलिसांच्या अहवालावरून नव्हे. त्यामुळे ठाण्यात घातलेल्या हेलपाट्यांपैकी बरेचसे पोलिसांच्या अनास्थेमुळे नव्हे, तर कायद्याच्या रचनेमुळेच वाया जातात. ‘पोलीस काहीच करत नाहीत’ ही तक्रार इतरत्र खरी असेल; इथे ती गैरलागू आहे.

फिर्याद दाखल झाल्यावर दंडाधिकारी फिर्यादीचा शपथेवर पडताळणी जबाब घेतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याने, यात एक महत्त्वाचा बदल केला: दखल घेण्यापूर्वी आरोपीलाही म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. म्हणजे पूर्वी जो टप्पा एकतर्फी होता, तिथेच आता पहिली लढत होते. त्यानंतर समन्स निघाले, तर खटला उभा राहतो. पण तो सरकारी वकील चालवत नाही, फिर्यादीने नेमलेला वकील चालवतो, आणि फिर्यादी सतत गैरहजर राहिला तर आरोपी निर्दोष सुटण्याचा धोका असतो. गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, दंड, दोन्ही किंवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते. दंड सरकारजमा होतो. त्यातून भरपाई देण्याचा अधिकार न्यायालयाला असला, तरी ती फिर्यादीची हक्काची रक्कम नव्हे. बदनामी हा गुन्हाच असू नये, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेत फेटाळला आणि हे कलम घटनेच्या चौकटीत बसते असे ठरवले, त्यामुळे हा मार्ग आजही खुला आहे.

दिवाणी दाव्याचा स्वभाव वेगळा. दिवाणी बदनामीसाठी आपल्याकडे लिखित संहिता नाही. हा कायदा न्यायनिर्णयांतून घडलेला आहे. पुराव्याचा निकषही सौम्य आहे: कोणाचे म्हणणे अधिक संभवनीय, एवढेच न्यायालय पाहते. मात्र भरपाईच्या मागणीच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते, म्हणून रागाच्या भरात पन्नास लाखांचा आकडा लिहिणाऱ्याला वकील आधी त्या फीचा आकडा दाखवतो, आणि आकडा खाली येतो. हुकूमनामा मिळाला तरी समोरचा पैसे देत नसेल, तर वसुलीसाठी वेगळी दरखास्त करावी लागते.

तरीही एका बाबतीत दावा फिर्यादीपेक्षा निर्विवाद उपयोगी आहे. पीडिताला बहुधा सर्वांत आधी हवे असते ते म्हणजे मजकूर खाली उतरणे. फिर्यादीने ते साधत नाही. आरोपी तारखांना हजर राहतो आणि पोस्ट जागच्या जागी राहते. श्रेया सिंघल प्रकरणात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, फेसबुकसारख्या मध्यस्थ कंपनीवर मजकूर काढण्याचे कायदेशीर बंधन येते ते न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना हाती आल्यावर. कोणाच्याही खासगी तक्रारीवरून नव्हे. तो आदेश अंतरिम मनाई अर्जावर दिवाणी न्यायालयातून मिळू शकतो. लिहिणारा अज्ञात असेल तर भारतीय न्यायालयांत दावा ‘अशोक कुमार’ या काल्पनिक प्रतिवादीविरुद्ध लावण्याची रीत आहे, आणि खात्यामागची माहिती उघड करण्याचा आदेश कंपनीला देण्याची विनंतीही करता येते. हा अंतरिम आदेश मागताच मिळतो असे मात्र नाही. ब्लूमबर्ग ही वृत्तसंस्था आणि झी ही मनोरंजन कंपनी यांच्यातील वादात मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, सुनावणीपूर्वीच प्रकाशन रोखणारे आदेश अपवाद म्हणूनच द्यावेत. तो वाद वृत्तलेखाचा होता; शेजाऱ्याने रचलेल्या कुचाळकीला तेवढे संरक्षण मिळेलच असे नाही, परंतु न्यायाधीश तो निर्णय समोर ठेवूनच विचार करतील.

दोन मार्गांतील सर्वांत महाग पडणारा फरक मुदतीचा आहे, आणि तो सामान्य समजुतीच्या उलट आहे. फौजदारी फिर्यादीसाठी तीन वर्षांची मुदत आहे. दिवाणी दाव्यासाठी, १९६३ च्या मुदत कायद्यानुसार, मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून केवळ एक वर्ष. पैशाचे व्यवहार तीन वर्षांत कालबाह्य होतात हे ठाऊक असलेली माणसे इथेही तेच गृहीत धरतात. वर उल्लेखलेल्या खजिनदारांसारखी व्यक्ती एनसीचा कागद जपून ठेवते, अधूनमधून ठाण्यात चौकशी करते, संस्थेची वार्षिक सभा उरकते, आणि वकिलाकडे जाते तेव्हा तेरावा महिना लागलेला असतो. ठाण्यात गेलेला काळ या मुदतीतून वजा होत नाही. ‘पोस्ट तर आजही दिसते आहे, म्हणजे रोज नवी बदनामी’ हा युक्तिवादही फारसा आधार देत नाही: दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये फेसबुकवरील मजकुराच्याच संदर्भात म्हटले की, पोस्ट नुसती तशीच राहिल्याने मुदत नव्याने सुरू होत नाही, नव्या वाचकांसाठी ती पुन्हा प्रसिद्ध केली, तर गोष्ट वेगळी. माझ्या मते, वकिलाच्या पहिल्या भेटीत पोस्टच्या तारखेखेरीज दुसरे काही विचारले गेले नाही तरी चालेल, इतकी ही तारीख महत्त्वाची आहे.

बचावाच्या बाबतीतही दोहोंत फरक आहे. दिवाणी दाव्यात विधान खरे असणे हा स्वतःच पूर्ण बचाव ठरतो. फौजदारी खटल्यात मात्र विधान खरे असून ते लोकहितासाठी केले होते, हेही आरोपीला दाखवावे लागते. नाहीतर सद्भावनेने स्वतःच्या किंवा इतरांच्या हितरक्षणासाठी केलेल्या विधानाच्या अपवादाचा आश्रय घ्यावा लागतो. संस्थेच्या सभासदाने हिशेब मागणे ही बदनामी नाही, हे पदाधिकाऱ्यांनी लक्षात ठेवलेले बरे. परंतु ‘मी तर फक्त विनोद केला’ हे म्हणणेही पुरेसे नाही, कारण उपरोधाने केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो असे न्याय संहितेच्या कलम ३५६ च्या स्पष्टीकरणातच म्हटले आहे. गाडीला विचारा, हे वाक्य तिथे अडकते. मृत व्यक्तीविषयीच्या मजकुरावर कुटुंबीय फौजदारी फिर्याद करू शकतात. दिवाणी दावा मात्र साधारणपणे व्यक्तीबरोबरच संपतो.

पुराव्याचे नियम दोन्हीकडे सारखेच आहेत, आणि दोन्हीकडे स्क्रीनशॉटवरच प्रकरण अडखळते. इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणूक वादात, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात, निःसंदिग्धपणे सांगितले. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पक्षकाराचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात नोंदीचे हॅश मूल्य, म्हणजे नोंद जराही बदलली तर बदलणारा तिचा डिजिटल ठसा, लिहावे लागते. म्हणून वरचा क्रमांक आणि तारीख कापून, लाल वर्तुळ काढून भावाला पाठवलेले चित्र हा पुरावा नव्हे. मूळ संदेश ज्या मोबाइलवर आला तो मोबाइल बदलू नये, ग्रुपमधून रागाने बाहेर पडू नये आणि पोस्टचा पूर्ण दुवा लिहून ठेवावा.

पोलिसांकडेच जावे अशीही प्रकरणे आहेत, आणि ती बदनामीपासून वेगळी काढता आली पाहिजेत. कोणी आपल्या नावाने बनावट खाते चालवत असेल, खासगी छायाचित्रे पसरवत असेल किंवा ती पसरवण्याची धमकी देऊन पैसे मागत असेल, पाठलाग करत असेल, तर तिथे माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६क, ६६ड, ६६ई, ६७ यांसारखी कलमे आणि न्याय संहितेतील पाठलाग व खंडणीची कलमे लागतात. बनावट खात्यासाठी ६६क, खासगी छायाचित्रांसाठी ६६ई हे त्यातले ठळक. हे बहुतांशी दखलपात्र गुन्हे असून तिथे एफआयआर हा हक्क आहे. अशा छायाचित्रांसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०२१ च्या मूळ नियमांनीच कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला २४ तासांची मुदत घातली होती, त्यामुळे तिथे न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. १९३० हा क्रमांक मात्र आर्थिक फसवणुकीचा आहे, बदनामीचा नव्हे. आणि ‘६६अ’ लावा म्हणून कोणी आग्रह धरला, तर ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर हा गुन्हा ठरवणारे ते कलमच आता अस्तित्वात नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदविषयीच्या फेसबुक पोस्टवरून पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली, त्यानंतर झालेल्या श्रेया सिंघल यांच्या याचिकेतूनच ते २०१५ मध्ये रद्द झाले. तरीही त्याखाली गुन्हे नोंदले जात राहिल्याने २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते थांबवण्याचा आदेश द्यावा लागला.

प्रतिवादी किंवा आरोपी कोणाला करायचे, यावरही एक शब्द. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला सोबत ओढण्याचा मोह होतो, परंतु मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये ठरवले की, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दाखवल्याशिवाय सदस्याच्या संदेशासाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. संदेश पुढे पाठवणाऱ्याला तशी सूट नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये रीट्वीट करणे हेही प्रथमदर्शनी प्रकाशनच मानले.

दोन्ही कार्यवाही एकाच वेळी चालवण्यास मनाई नाही. बदनामीचा गुन्हा तडजोडयोग्य आहे, त्यामुळे पुष्कळ प्रकरणे माफीनाम्यावर मिटतात. मात्र दावा मागे घेतल्याने फिर्याद आपोआप संपत नाही, म्हणून तडजोडनाम्यात दोन्हींचे क्रमांक, पोस्टचा दुवा आणि ती कधीपर्यंत काढायची ती तारीख, एवढे तरी लिहिलेले असावे.